सदतीस लंबरचा पितळी बिल्ला

या रं मित्रांनो, बसा. त्या पोत्यावर बसा, फुटक्या घागरीवर नगं, काठ लागंल. एक गोष्ट सांगतो तुमाला. खरी हाय, ह्याच गावातली हाय, आन् हसायची न्हाय. ऐकायची असंल तर गप बसून ऐका.

मी एक जुना पितळी बिल्ला हाय. तळहाताएवढा, गोल. दोन्ही अंगाला दोन भोकं हायत, त्यातनं चामड्याची वादी जायची. मधी उर्दूत लंबर हाय, सदतीस. त्या लंबरावर आडवी छिन्नी मारल्याली दिसती न्हवं? ती कशी बसली, त्येच सांगतो.

माजा जल्म हैद्राबादेचा. पितळंचा पत्रा कापला, साच्यात ठिवला, वरनं घन घातला. झालो म्या. मग माजी पन्नास-साठ भावंडं पोत्यात भरून उस्मानाबादेला आली. उस्मानाबाद आपलं कागदावर. तोंडानं समदी धाराशिवच म्हनायची. राज्य निजामाचं. मानसं मराठीत बोलायची, न्हायतर कानडीत, आन् सरकार त्यांच्याशी उर्दूत बोलायचं. मानसं मान हालवायची. न हालवून सांगत्यात कुनाला?

टांगा हाकायचा तर बिल्ला पायजे, असा कायदा. दंडाला बांधायचा, समद्यांला दिसंल असा. कचेरीतल्या वहीत बिल्ल्याचा लंबर असायचा आन् लंबराम्होरं एका मानसाचं नाव. माज्याम्होरं नाव पडलं रेवणप्पा वल्द नागप्पा, राहनार तुळजापूर.

रेवणप्पा तवा वीस-एकवीसचा असंल. बाप नागप्पा गेल्याला. मागं एक टांगा, हरणी नावाची घोडी, बापाचा चाबूक, आई रुद्रम्मा आन् धाकटा भाऊ महालिंगप्पा. माज्यासाठी त्यो गडी तुळजापुरातनं पायी धाराशिवला आला आन् कचेरीच्या पायरीवर दोन दिस बसला. मुन्शीनं मला त्याच्या हातात टाकलं, तवा त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसलं आन् म्हन्ला, "चल बाबा. आता तूच माजं नाव."

चार वरसं म्या त्याच्या दंडावर काढली. त्येच माजं जगनं, बाकीचं निसतं पडून ऱ्हानं. दर सोमवारी चिच अन् राख लावून घासायचा मला. नळदुर्गाला जायाचं, कवातरी घाट उतरून सोलापूरला. पुनवंला देवीला लोटालोट, सवाऱ्यावर सवाऱ्या. एकदा सोलापूरची एक म्हातारी टांग्यात बसली. माज्यावर ऊन पडल्यालं. ती म्हन्ली, "काय रं लेकरा, बिल्ला सोन्याचा हाय का काय?"

"न्हाय आज्जी," ह्यो म्हन्ला, "घोडी सोन्याची हाय. बिल्ल्याला निसती तिची संगत हाय."

म्हातारी घाट उतरूस्तवर हसत व्हती.

आता चालान म्हंजी काय त्ये सांगतो, त्याबिगर फुडचं कळायचं न्हाय. घाटाच्या तोंडाला एक जमादार हुबा असायचा. टांग्यात चारच्या जागी पाच सवाऱ्या दिसल्या, कंदील फुटका दिसला, घंटी वाजंना, की त्यो दंडावरचा लंबर वहीत लिवायचा. ह्येला म्हनायचं चालान. मग तारीख पडायची. त्या दिशी नळदुर्गाला मुन्सफाम्होरं हुबं ऱ्हायाचं, दंड भरायचा, पावती घ्यायची. बाकीचे टांगेवाले जमादाराला इडी-तमाखू देऊन सुटायचे. रेवणप्पा न्हाय. त्यो तारखंला जायाचा, दंड भरायचा आन् पावती बांबूच्या नळीत घालून आढ्याला खोवायचा. अड्ड्यावर त्याची टिंगल व्हायाची.

"रेवणप्पा, जहागीर मिळाली का रं? कागद जपतुयास!"

"नावावर डाग नगं बाबा," त्यो म्हनायचा. "मला फौजंत जायाचं हाय."

त्ये त्याच्या मनात लई दिसाचं व्हतं. घोड्याचं अंग त्याला जेवढं कळायचं तेवढं मानसाचंबी कळत न्हवतं. मग लढाई लागली, जरमनची अन् जपानची. भरतीवाला सुभेदार सोलापुरात येऊन बसला. त्येंला खेचरं हाकनारी मानसं पायजे व्हती. रेवणप्पा गेला. छाती मोजली, दात बघितलं, एका लाथाड्या खेचराला ह्यानं कान खाजवून गप केलं. सुभेदार खूस.

म्हन्ला, "नाम पे कोई केस? चालान-वालान?"

दोन चालानं भरल्याली व्हती. पन आठच दिसामागं तिसरं झालं व्हतं, घंटीची जीभ तुटली म्हनून. त्याची तारीख पंधरा दिसानं, आन् फौजंची गाडी सा दिसानं. दुसरा असता तर न्हाय म्हनला असता. ह्यानं खरं सांगितलं. सुभेदार म्हन्ला, निपटवून ये, पावती दाखव, मग अंगठा घेतो.

नळदुर्गाच्या मुन्शीनं कागदावरनं डोळंबी वर केलं न्हायत. "तारीखके पैले नक्को. जाव."

मग रेवणप्पा मुन्सफाच्या वाटंवर हुबा ऱ्हायला. एक दिस न्हाय, दोन दिस. तिसऱ्या दिशी मुन्सफच वैतागला. "ये कौन है रे, रोज सलाम करता?" आत बोलावलं, दंड घेतला, पावती दिली. त्यो अड्ड्यावर आला तवा पावती हातात धरून नाचत आला. म्या दंडावर, म्याबी नाचलो. मित्रांनो, एवढ्या साफ नावाचा गडी त्या सालात सबंद तालुक्यात दुसरा फौजंत गेला नसंल.

जायच्या दिशी त्यानं मला दंडावरनं सोडलं. वादीचा पांढरा वळ उमटल्याला व्हता कातड्यावर. महालिंगप्पाच्या हातात मला देऊन म्हन्ला, "तम्मा, नीट ऐक. ह्यो धाराशिवच्या कचेरीत जमा कर. तुज्या नावाचा नवा घे. तवर टांगा भाईर काढायचा न्हाय."

"व्हय अण्णा."

"हरणीच्या गळ्याची शपथ घे."

"घेतली की!"

गेला रेवणप्पा. महालिंगप्पा कचेरीत जानारबी व्हता, खोटं कशाला बोलू. पन दुसऱ्या दिशी सवारी आली नळदुर्गाची. मग तिसऱ्या दिशी. आन् मग दसऱ्याच्या आदल्या दिशी खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची पूजा. रुद्रम्मानं पाट मांडला. पाटावर चाबूक, लगाम, खरारा, आन् त्याच वळीत म्या. भस्माची बोटं वडली, फूल वाह्यलं. मग मला उचललं आन् धाकट्याच्या दंडाला बांधाया लागली.

त्यो म्हन्ला, "अव्वा, अण्णा जमा कर म्हन्लाय."

"कुठं जमा कर?"

"कचेरीत."

"का? कचेरीच्या बापाचा हाय?" रुद्रम्मा म्हन्ली. "चाबूक नागप्पाचा, त्यो थोरल्यानं वापरला, आता तू वापरतूस. लगाम तसाच. बिल्ला काय आभाळातनं पडला? घरातली चीज घरात ऱ्हाती. गप हात फुडं कर."

बघा, मित्रांनो, इथं समदं बिघडलं. त्या माउलीला वाटलं, बिल्ला घराचा असतो. चाबकावानी, लगामावानी, बापाकडनं पोराकडं, थोरल्याकडनं धाकट्याकडं. तिनं आयुक्षात तसंच बघितलं व्हतं. बिल्ला एकाच मानसाचा असतो आन् त्यो मानूस नसला की त्यो मुडदा असतो, ह्ये तिला कुनी सांगितलं व्हतं? कायदा उर्दूत व्हता. माज्या पाठीवर कोरला असता तरी तिला कळला नसता. आन् मला वरडता येत न्हवतं.

महालिंगप्पा वाईट न्हवता. पन हात सैल. सा-सा सवाऱ्या कोंबायचा. हरणी फेस गाळायची. पैलं चालान झालं दिवाळीआधी. जमादारानं वही काढली, लंबर बघितला.

"सैंतीस. नाम क्या तेरा?"

"लिवा की रेवणप्पा!" ह्यो म्हन्ला, छाती फुगवून. "फौजी हाय रेवणप्पा. लिवा, लिवा."

त्येला वाटलं, फौजी नाव म्हंजी ढाल. फौजंतल्या मानसाच्या नावाला कोन हात लावतंय? अड्ड्यावर येऊन त्यानं समद्यांला सांगितलं, आन् समदी म्हन्ली, लेका, डोकं हाय तुला. असं तीन म्हयन्यात चार डाव. चार चालानं. चारीबी रेवणप्पाच्या नावावर. तारखा आल्या, गेल्या. हजर कोन ऱ्हानार? ज्याचं नाव त्यो लांब, हैद्राबादेच्या पल्याड, खेचराच्या पाठीवर वझं कसं बांधायचं त्ये शिकत व्हता.

मग अदालतीचे समन आले. घरी आनून देनारा मानूस घामाघूम, घाईत. महालिंगप्पा टांगा घेऊन गेल्याला, त्या दिशी मला खुंटीवरच इसरून. दारात रुद्रम्मा एकली.

"रेवणप्पाका घर? सरकारी कागद है. अंगूठा लगाव."

रुद्रम्मानं हात पुसले. कागदावर मोठा शिक्का. भरतीवाल्यानं जाताना सांगितलं व्हतं, पोराची खुशाली सरकारी कागदावर येत जाईल. तिनं अंगठा लावला आन् इचारलं, "खुशाल हाय न्हवं माजं पोर?"

त्याला मराठी येत असंल-नसंल. पानी पिऊन तांब्या खाली ठिवत म्हन्ला, "हौ, हौ, अम्मा."

हौ म्हन्ला! एक अक्षर. त्या बाईनं कागद कपाळाला लावला, देवळीत लिंगाम्होरं ठिवला, वरनं भस्म अन् फूल. गल्लीत साखर वाटली. दुसरा आला, तिसरा आला, चवथा आला. समदे देवळीत. महालिंगप्पालाबी तिनं दाखवले. त्यो म्हन्ला, "अण्णा लई कागद धाडतोय." त्येलाबी वाचता येत न्हवतं. मशिदीच्या मास्तरकडनं वाचून घेऊ का, असं त्यानं एकदा इचारलं. रुद्रम्मा म्हन्ली, "नगं, दिष्ट लागंल. लेकराची खुशाली चारचौघांत कशाला?"

त्या घरात उर्दू येनारा एकच जन व्हता. म्या. जल्मापासनं अंगावर उर्दू. म्या खुंटीवरनं वाचत व्हतो. हाजिर हो, हाजिर हो, न्हायतर वारंट. रोज उदबत्ती लागायची त्याला, आन् म्या वाचायचो. पितळंला तोंड न्हाय, मित्रांनो. त्या म्हयन्यात मला पैल्यांदा वाटलं, बिल्ला व्हन्यापरीस मला वितळवून घंटा केली असती तर बरं झालं असतं. वाजलो तरी असतो.

फुडचं म्या बघितलं न्हाय. त्ये रेवणप्पानं हरणीला सांगितलं, खरारा करता करता. तबेल्यात म्या खुंटीला व्हतो, म्हनून ऐकलं.

रंगरुटाची कसम परेड आठ दिसावर आली व्हती. कसम झाली की पक्का शिपाई. त्याआधी छावणीवाले गावाकडनं मानसाची चालचलन मागवायचे. रेवणप्पाचा कागद आला. छावणीतल्या सुभेदारानं समद्या लाइनीम्होरं वाचला आन् आधी त्यो हसलाच.

"क्यों रे रेवणप्पा? इधर खच्चर हाँकता, उधर टांगा हाँकता? दो-दो है क्या तू?"

लाइन हसली. रेवणप्पाबी हसला, त्येला वाटलं कायतरी गंमत हाय. मग सुभेदारानं फुडचं वाचलं. चार चालानं. एकाबी तारखंला हजर न्हाय. वारंट. मुलजिम फरार.

फरार! गड्यानं सा म्हयनं छावणीच्या भाईर पाऊल ठिवलं न्हवतं.

सुभेदार चांगला मानूस व्हता. त्यानं तंबूत बोलावलं, आन् पडदा सोडून घेतला. बिल्ला कुनाकडं हाय इचारलं. रेवणप्पाला तवाच समदं कळलं. सुभेदारानं कायदाबी सांगितला. बिल्ला दुसऱ्यानं चोरून वापरला असंल तर वापरनाऱ्याला कैद. मालकानं राजीखुशीनं दिला असंल तर गुन्हा मालकाचा.

"बोल, भाईने चोरीसे लिया. इतना बोल दे. मैं तुझे रख लेता हूँ."

रेवणप्पानं हरणीला सांगितलं, "बाई, तोंडात शब्द आला व्हता बघ. खरा शब्द. म्या जमा कर म्हन्लो व्हतो. पन धाकट्याचं तोंड दिसलं. त्यो कैदेत गेला तर अव्वा काय खाईल, तू काय खाशील?"

त्यो सुभेदाराला म्हन्ला, "म्याच दिला साहेब. राजीखुशीनं."

आयुक्षात तेवढं एकच खोटं बोलला त्यो गडी. त्येच कागदावर चढलं. तीन चालानाच्या तीन पावत्या त्यानं जपल्या, त्या इचारल्यासुदिक न्हाईत कुनी. आठ दिसानं लाइन कसम घेत व्हती, तवा ह्यो सोलापूरच्या वाटंला पायी लागला व्हता.

घरी आला त्यो भर दुपारी. रुद्रम्मा भाकरी थापत व्हती. तसंच पिठाचं हात घेऊन उठली, तोंडावरनं हात फिरवला, तोंड समदं पांढरं.

"सुट्टी दिली व्हय रं?"

"व्हय अव्वा."

"तुजी पत्रं समदी जपल्यात म्या. थांब." तिनं देवळीतनं चारी कागद काढले. हळदीनं पिवळे, भस्मानं कडक झाल्याले. "वाच. फौजंत वाचाया शिकला असशीलच. तुज्या तोंडनं ऐकायचं म्हनून कुनाला वाचू दिलं न्हाय."

म्या त्या वक्ताला महालिंगप्पाच्या दंडावर, दारात. नुकतंच टांगा सोडून आलो व्हतो. रेवणप्पानं पैल्या कागदाचा शिक्का बघितला. छावणीत सुभेदारानं दाखवल्याला त्योच शिक्का. मग वाचाया लागला. वाचायला येत न्हवतंच त्याला. तरी एक एक वळीवरनं बोट फिरवीत म्हन्ला, "अव्वास रेवणप्पाचा नमस्कार. म्या खुशाल हाय. जेवन बरं हाय. माजं खेचर हरणीसारखंच खोडकर हाय..."

चारी वाचले. दर कागदात येगळी खुशाली. रुद्रम्मा पदर डोळ्याला लावून ऐकत व्हती. चवथा सरला तवा महालिंगप्पाला कळलं की अण्णा मनचंच बोलतोय, ही पत्रं न्हाईत, आपल्याच चालानांचे कागद हायत. त्यानं वादी सोडून मला थोरल्याच्या पायापाशी ठिवलं, आन् तोंड न दाखवता तबेल्यात गेला.

मग अदालत. मला मेजावर ठिवलं. म्या म्हन्लो, आता मला इचारतील. त्या चारी येळेला दंड कुनाचा व्हता, ह्ये माज्यापरीस कुनाला ठावं? कुनी न्हाय इचारलं. मुन्सफ नवा व्हता. पैशाचा दंड केला, लैसन कायमचं बाद. आन् शिपायानं मला पायरीवर धरून छिन्नी घातली. एक घाव. घडवायलाबी एक, मोडायलाबी एक.

अदालतीच्या आधीच, घरी दहा-पंधरा दिस ऱ्हाऊन रेवणप्पा परत सोलापूरला भरतीला गेला व्हता. दारावरच्यानं यादी बघितली आन् हाकलला. दुसऱ्यांदा गेला, परत हाकलला. महालिंगप्पाला नवा बिल्ला मिळाला, साफ नावाचा. टांगा त्यो हाकतो. थोरला त्याच टांग्याच्या घोड्याला पानी पाजतो, अड्ड्यावरच्या समद्यांच्या घोड्यांस्नी पाजतो. लैसन नसल्याला मानूस आनिक काय करंल?

म्या सा वरसं कचेरीच्या पेटीत अंधारात. मग निजामाचं राज्य गेलं. कचेरी साफ केली, उर्दूचे कागद, मोडकं पितळ, समदं वजनावर इकलं. तसा ह्या तांबटाच्या दुकानात, तुमच्या म्होरं आलो. हितं एकदा महालिंगप्पा घागर घ्याया आला. तांबटानं म्हातारीचं इचारलं. म्हन्ला, गेली औंदा. मरूस्तवर तिनं त्ये चार कागद हलवू दिले न्हाईत. लिंगायताच्या रीतीनं बसवून समाधी दिली तवा अव्वाच्या मांडीवर रेवणप्पानं त्येच ठिवले. माती लोटली वरनं. सरकारचे समन, भस्म लावून. म्या मोडीच्या राशीत पडल्यालो ऐकत व्हतो. महालिंगप्पाचा हात माज्यावरनं गेला बी. छिन्नीमुळं त्यानं वळखलं न्हाय.

आता शिकवन काय सांगू? घरात म्हाताऱ्या मानसाच्या हातात कागद आला तर आधी वाचून दाखवा, मग भस्म लावा. दुसऱ्याच्या नावाचं कायबी अंगावर बांधू नका. ह्ये तुमचा मास्तरबी सांगंल. त्येच्यासाठी म्या तुमाला बसवलं न्हाय.

म्या तुमाला बसवलं त्ये येगळ्यासाठी. टांगा अड्ड्यावर हौदाला एक वाकल्याला मानूस असतो, बादली घेतल्याला. तुमी जाता-येता त्येला वरडता, "ए फरारी! ए फरारी फौजी!" आन् पळता. म्या हितनं ऐकतो. तुमचं काय चुकलं म्हनत न्हाय, थोर मानसंबी तसंच वरडत्यात, त्यांच्याच तोंडातलं तुमच्या तोंडात आलं.

पन मित्रांनो, त्यो कवाच पळाला न्हाय. जितं बोलावलं तितं त्यो तारखंच्या आधी जाऊन हुबा ऱ्हायला. उद्या जाल तवा बादलीपाशी थांबा, आन् एकदा, मोठ्यानं, समद्या अड्ड्याला ऐकू जाईल असं, त्याला रेवणप्पा म्हनून हाक मारा.